आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: युजरनिहाय मेमरी मर्यादा का लागत नाही

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विभागाचा एकच सामायिक सर्व्हर, १२८ जीबी रॅम, उबुंटू २२.०४, चाळीसेक विद्यार्थी एसएसएचने (दुरून लॉगिन करून) येऊन काम करतात. कुणालाही ८ जीबीपेक्षा जास्त मेमरी मिळू नये म्हणून तुम्ही युजर.स्लाइसला मेमरीमॅक्स=८जी लावलंत. मग दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना मुलांचे जेमतेम अर्ध्या जीबीचे पायथन प्रोग्राम धडाधड मरायला लागले. त्याच रात्री एका विद्यार्थ्याच्या जॉबने ९० जीबी गिळली आणि सकाळपर्यंत त्याला कुणी हटकलंही नाही. तुम्ही विचारता, ही मर्यादा काम करते आहे की नाही?

करते आहे. तुम्ही जिथे लावलीत तिथे चोख करते आहे. घोळ जागेचा आहे.

(कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना नेहमीचंच स्पेलिंग वापरा.)

सीग्रुप म्हणजे प्रोसेसचे (चालू प्रोग्रामचे) गट करून त्यांना मर्यादा लावायची लिनक्स कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, सोय. तिला 'युजर' ही चीज माहीतच नाही. कर्नलच्या लेखी एक झाड असतं, प्रत्येक प्रोसेस त्या झाडाच्या कुठल्यातरी फांदीवर बसलेली असते आणि मर्यादा लागते ती फांदीला. युजर आणि फांदी यांची सांगड घालायचं काम सिस्टिमडी (सर्व्हिसेस आणि सेशन सांभाळणारा व्यवस्थापक) करतं, तेही लॉगिनच्या वेळी पॅम या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेतून. त्यामुळे मर्यादेची कुठलीही तक्रार आली की मी पहिल्यांदा आकडा बघतच नाही, ती प्रोसेस कुठल्या फांदीवर बसली आहे ते बघतो. त्यासाठी /प्रॉक/<पीआयडी>/सीग्रुप ही फाइल कॅट करायची, म्हणजे उघडून वाचायची (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर). नीट बसलेली प्रोसेस असेल तर एकच ओळ येते:

०::/युजर.स्लाइस/युजर-१०१४.स्लाइस/सेशन-३१.स्कोप

ही ओळ डावीकडून वाचा. युजर.स्लाइस म्हणजे लॉगिन केलेल्या सगळ्यांची मिळून एक फांदी. तिला यूआयडीनुसार, म्हणजे युजरच्या नंबरानुसार, डहाळ्या फुटतात, ही १०१४ वाल्याची. तिच्यावर त्याचं एसएसएच सेशन. तुम्ही ८ जीबी लावलीत ती सर्वांत डावीकडच्या फांदीला, म्हणजे चाळीस जणांत मिळून ८ जीबी. प्रत्येकाने दोन-अडीचशे एमबी वापरले तरी कोटा संपला.

दुपारी काय झालं ते कर्नलने लिहून ठेवलेलं असणार. कर्नलचा लॉग दाखवणारी जर्नलसीटीएल -के लावून 'ऊम-किल' (मेमरी संपली म्हणून मारलं) शोधा. लांबलचक ओळ असते, पण तिच्यातल्या तीनच गोष्टी महत्त्वाच्या. पहिली 'कॉन्स्ट्रेंट'. तिथे कॉन्स्ट्रेंट_मेमसीजी असेल तर सीग्रुपची मर्यादा भरल्यामुळे मारलं, कॉन्स्ट्रेंट_नन असेल तर अख्ख्या मशीनचीच मेमरी संपली होती. दुसरी 'ऊम_मेमसीजी', म्हणजे कुठल्या फांदीची मर्यादा भरली. तिसरी 'टास्क_मेमसीजी', म्हणजे मेलेली प्रोसेस कुठल्या फांदीवर होती. तुमच्याकडे दुसऱ्या जागी नुसतं /युजर.स्लाइस दिसेल आणि तिसऱ्या जागी कुणा एका विद्यार्थ्याचा पूर्ण पत्ता. हे दोन पत्ते वेगळे दिसले की समजायचं, वरच्या फांदीवर गर्दी झाली आणि खालच्या कुणाचा तरी बळी गेला. कर्नल त्या फांदीखालची साधारणपणे सर्वांत मोठी प्रोसेस निवडतो. तिथे अर्ध्या जीबीचा पायथनच सर्वांत मोठा होता, म्हणून तो गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण नियमाला धरून.

आता रात्रीचा ९० जीबीवाला. त्याच्याबद्दल लॉगमध्ये अवाक्षर सापडणार नाही. पुन्हा कधी चालू असताना सापडला तर त्याची फांदी बघा. माझी पैज क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप जॉब सुरू करणाऱ्या सर्व्हिसवर, आहे. ओळ अशी दिसेल: ०::/सिस्टिम.स्लाइस/क्रॉन.सर्व्हिस. म्हणजे तो युजर.स्लाइसच्या झाडाखाली बसलेलाच नव्हता. डेबियन आणि उबुंटूत क्रॉनची पॅम फाइल 'कॉमन-सेशन-नॉनइंटरॅक्टिव्ह' ओढून घेते आणि तिच्यात पॅम_सिस्टिमडी नसतं. त्यामुळे क्रॉनचा जॉब यूआयडीने विद्यार्थ्याचा असला तरी बसतो क्रॉनच्याच फांदीवर. रेड हॅटच्या घराण्यात उलटं आहे, तिथे क्रॉनलाही सेशन मिळतं, म्हणून तिकडून आलेल्या माणसाला हा प्रकार पटकन ध्यानात येत नाही.

दोन्ही दुखण्यांवर औषध वेगवेगळं आहे. पहिल्यासाठी /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/ खाली 'युजर-.स्लाइस.डी' नावाची डिरेक्टरी करा. नावातला हायफन आणि त्याच्यामागे काहीही न लिहिता लगेच येणारा डॉट हाच सगळा मामला आहे, 'युजर-'ने सुरू होणाऱ्या प्रत्येक स्लाइसला ती लागू पडते. हायफन गाळलात की परत आहात तिथेच. आत ५०-मेमरी.कॉन्फ नावाच्या फाइलीत:

[स्लाइस]
मेमरीमॅक्स=८जी
मेमरीस्वॅपमॅक्स=१जी

ही सोय सिस्टिमडी २३९ पासूनची. तुमच्याकडे २४९ आहे, प्रश्न नाही. अजून कुणी रेड हॅट ७ वर अडकलं असेल तर तिथे २१९ आहे आणि ही युक्ती चालत नाही.

युजर.स्लाइसवरची तुमची जुनी फाइल काढू नका, आकडा बदला. तिथे मेमरीमॅक्स=११२जी ठेवा, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून कितीही धुडगूस घातला तरी एसएसएचडी आणि बाकी सर्व्हिसेसना १६ जीबी उरतील. चाळीस गुणिले आठ म्हणजे ३२० होतात आणि रॅम १२८ आहे, हे बघून घाबरू नका. लोकलचे पास विकताना रेल्वे सीटा मोजत नाही.

इथे एक बारकावा आहे. तुम्ही स्वतः रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून एसएसएच केलंत तर तुम्हीही युजर-०.स्लाइसमध्ये, म्हणजे याच झाडाखाली येता आणि ८ जीबीची मर्यादा तुम्हालाही लागते. रात्री बॅकअप किंवा कंपाइल करताना आपलाच जॉब मरतो आणि कारण कळत नाही. रूटसाठी अपवाद करा: 'युजर-०.स्लाइस.डी'मध्ये वेगळी फाइल, मेमरीमॅक्स=इन्फिनिटी.

पण त्या फाइलीचं नाव विचार करून ठेवा. या जागी मी स्वतः अख्खी दुपार घालवली आहे. माझा समज असा, की विशिष्ट युजरची डिरेक्टरी सर्वसाधारण डिरेक्टरीला आपोआप भारी पडत असेल. तसं होत नाही. सिस्टिमडी सगळ्या डिरेक्टऱ्यांतल्या फाइली एकत्र करतं, नावाच्या अनुक्रमाने लावतं आणि शेवटची जे सांगेल ते मान्य करतं. फाइल कुठल्या डिरेक्टरीत आहे याला महत्त्व येतं ते दोन फाइलींची नावं अगदी एक असतील तेव्हाच. माझी सर्वसाधारण फाइल होती ९०-मेमरी.कॉन्फ आणि अपवादाची ५०-जास्त.कॉन्फ. ५० आधी वाचली गेली, मग ९० आली आणि तिने अपवाद पुसून टाकला. तेव्हा सर्वसाधारण ५०, अपवाद ६० किंवा पुढे, ही शिस्त पाळा. सिस्टिमसीटीएल सेट-प्रॉपर्टी वापरलंत तर तीही गुपचूप ५०-मेमरीमॅक्स.कॉन्फ अशा नावाची फाइल तयार करते, तिचाही याच रांगेत नंबर लागतो. कुणी पूर्वी काय काय करून ठेवलंय ते सिस्टिमसीटीएल कॅट युजर-१०१४.स्लाइस एका फटक्यात दाखवतं.

बदल केल्यावर सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड पुरेसं आहे, लॉगिन असलेल्यांनाही नवा आकडा लागतो. तरी विश्वास ठेवा तो कर्नलच्या फाइलीवर: /सिस/एफएस/सीग्रुप/युजर.स्लाइस/युजर-१०१४.स्लाइस/मेमरी.मॅक्स. तिथे ८५८९९३४५९२ दिसलं म्हणजे ८ जीबी लागले. 'मॅक्स' हा शब्द दिसला म्हणजे काहीही लागलेलं नाही. या फाइलीत हाताने आकडा इको करण्याचा मोह आवरा. त्या युजरचं शेवटचं सेशन संपून सगळं आवरलं गेलं की डहाळीच नाहीशी होते, तिच्याबरोबर तुमचा आकडाही.

क्रॉनसाठी /ईटीसी/पॅम.डी/क्रॉनच्या शेवटी 'सेशन ऑप्शनल पॅम_सिस्टिमडी.एसओ' ही ओळ घाला. कॉमन-वाल्या फाइलींना हात लावू नका, त्या पॅम-ऑथ-अपडेट सांभाळतं. याची किंमत म्हणजे दर क्रॉनला लॉगमध्ये 'न्यू सेशन'ची ओळ येणार. कटकट आहे, पण मी ती पत्करतो.

क्रॉनसारख्या आणखी पळवाटा आहेत आणि विद्यार्थ्यांना त्या तुमच्याआधी सापडतात. डॉकर ग्रुपमध्ये असलेल्याने डॉकर रन केलं की कंटेनर (प्रोग्राम चालवायचा बंदिस्त डबा) जन्माला घालतो डॉकरडी ही सर्व्हिस, त्यामुळे तो सिस्टिम.स्लाइसखाली जातो आणि युजरची मर्यादा बाजूलाच राहते. (डॉकर ग्रुप देणं म्हणजे रूट देणंच आहे, पण तो वेगळा विषय.) कंटेनर द्यायचेच असतील तर रूटशिवाय चालणारा पॉडमन द्या, त्याचे कंटेनर युजरच्याच डहाळीखाली राहतात. ज्युपिटरहब (ब्राउझरमधून नोटबुकं देणारा सर्व्हर) नेहमीच्या पद्धतीने नोटबुकं सुरू करतो तेव्हा ती हबच्या सर्व्हिसखाली चालतात. तिथे सिस्टिमडीस्पॉनर लावून त्याचं मेम_लिमिट वापरावं लागतं. रूटच्या सेशनमधून एसयू (युजर बदलायची कमांड) करून विद्यार्थ्याच्या नावाने काही चालवलंत तर ते तुमच्याच डहाळीवर बसतं, कारण सेशन आधीच असेल तर पॅम_सिस्टिमडी नवं काढत नाही. 'मी एसयू करून तपासलं, मर्यादा लागत नाही' अशा निम्म्या तक्रारी इथेच संपतात. आणि एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये कुणी यूजपॅम नो केलं असेल तर सगळंच मुसळ केरात.

फांदी बरोबर, आकडाही बरोबर, तरीही हिशोब जुळत नाही, असाही प्रकार पुढे तुमच्या वाट्याला येणार आहे. कारण मेमरी कुणाच्या नावावर पडते याचा नियम आपल्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. टपरीवर चहाची ऑर्डर ज्याने दिली त्याच्या खात्यावर बिल, पिणारे पाच असले तरी. कर्नल तसंच करतो: पानाला (मेमरीच्या छोट्या तुकड्याला) पहिला हात ज्याने लावला त्याच्या सीग्रुपवर ते पान चढतं. दहा जण एकच मोठी डेटा फाइल वाचत असतील तर जो पहिला आला त्याच्या नावावर तिचा कॅश. प्रोसेस नंतर दुसऱ्या सीग्रुपमध्ये हलवली तरी आधीची पानं जुन्याच खात्यावर राहतात.

एका संशोधन प्रयोगशाळेत मला बोलावलं होतं. तक्रार अशी, की एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचा कुठलाही प्रोग्राम सुरू होताच मरतो. पीएस लावला तर तिच्या नावावर टीमक्स (लॉगआउटनंतरही टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) आणि दोन बॅश, बस. तरी तिच्या डहाळीची मेमरी.करंट (सध्याचा वापर) होती साडेसात जीबीच्या वर, मर्यादा ८. बाई म्हणाल्या, "सर, मी तर काहीच चालवत नाहीये." खरंच चालवत नव्हत्या. मेमरी.स्टॅट उघडली तर 'अनॉन' (प्रोग्रामची स्वतःची मेमरी) काही एमबी, 'फाइल' आणि 'शमेम' (शेअर्ड मेमरी) मात्र दोन्ही सात जीबीच्या आसपास. शमेम दिसल्यावर एलएस -एल /डेव्ह/शम. तिथे आठवडाभरापूर्वी कोसळलेल्या ट्रेनिंग जॉबच्या शेअर्ड मेमरीच्या फाइली ओळीने बसलेल्या. /डेव्ह/शम हा टीएमपीएफएस, म्हणजे दिसायला फाइल आणि असायला रॅम. प्रोसेस मेली तरी फाइल राहते, फाइल राहिली की खात्यावरची रक्कमही. एरवी युजर पूर्ण लॉगआउट झाला की लॉगिनडी (सेशनचा हिशोब ठेवणारा सिस्टिमडीचा भाग) रिमूव्हआयपीसी या सेटिंगमुळे हे झाडून टाकतं. पण बाईंचा टीमक्स महिनाभर चालू होता, म्हणजे लॉगिनडीच्या मते त्या अजून घरातच होत्या. आरएम केलं, मेमरी.करंट खाली आली, जॉब चालू.

या फाइलीतल्या 'फाइल' आकड्याने फसू नका, एवढं इथेच सांगतो. त्यात शमेमही असतं आणि डिस्कवरून वाचलेल्याचा साधा कॅशही. साधा कॅश दाब आला की कर्नल सोडून देतो. मेमरी.करंट मर्यादेला टेकलेली दिसली म्हणून युजर संकटात आहे असं नाही. मोठी फाइल एकदा कॉपी केली तरी ती टेकते. मॉनिटरिंगला अलर्ट लावायचा तर अनॉन अधिक शमेम यावर लावा, किंवा सरळ मेमरी.इव्हेंट्समधल्या ऊम_किलवर.

स्वॅपबद्दल (स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा): मेमरीस्वॅपमॅक्स दिलं नाहीत तर युजर ८ जीबी भरल्यावर मरत नाही, स्वॅपमध्ये सांडत राहतो आणि डिस्कसाठी सगळ्यांची तारांबळ उडते. सीग्रुपच्या जुन्या आवृत्तीत, व्ही१ मध्ये, मेमरी आणि स्वॅप यांच्या बेरजेवर एकत्र मर्यादा असायची, व्ही२ मध्ये स्वॅपचं खातं स्वतंत्र आहे. जुन्या सवयीने लोक दुसरा आकडा लिहायला विसरतात.

मेमरीहायबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा उलटं आहे. मॅन्युअल म्हणतं, मुख्य नियंत्रण म्हणून हाय वापरा आणि मॅक्स शेवटचा बांध म्हणून ठेवा. सर्व्हिससाठी ते योग्य आहे. विद्यार्थ्यांच्या सर्व्हरवर मी ते लावत नाही. हाय ओलांडल्यावर कर्नल मारत नाही, प्रोसेसला मेमरी मागताना मुद्दाम थांबवतो आणि पानं परत मिळवायला बसवतो. स्वॅप जवळपास नसेल आणि सगळी मेमरी अनॉन असेल तर परत मिळवण्यासारखं काहीच नसतं. जॉब ना मरतो ना पुढे सरकतो. वर त्या विद्यार्थ्याने जॉब मारायला दुसरं एसएसएच उघडलं तर त्याची नवी बॅशही त्याच डहाळीवर, तीही रांगते. तुम्हाला फोन येतो, 'सर्व्हर हँग झालाय.' बाकी कुणाला काही त्रास नसतो. हे ओळखायचं असं: प्रोसेस डी (अडकून थांबलेल्या) स्थितीत, तिच्या डब्ल्यूचॅनमध्ये (कर्नलमध्ये कुठे थांबली आहे ते) मेम_सीग्रुप_हँडल_ओव्हर_हाय, आणि मेमरी.इव्हेंट्समध्ये 'हाय' फुगत चाललाय पण ऊम_किल शून्यच. मेलेल्या जॉबवरून विद्यार्थी काहीतरी शिकतो, अडकलेला जॉब फक्त आपली झोप खातो.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. फ्री आणि टॉप त्यांना १२८ जीबीच दाखवणार, मर्यादा नाही. जावाही त्यात फसते. हीपचा (तिच्या कामाच्या मेमरीचा) डीफॉल्ट एकूण रॅमच्या चतुर्थांश, म्हणजे ३२ जीबी. नव्या जावाला सीग्रुप कळतो हे खरं, पण अनेक आवृत्त्या फक्त स्वतःच्या फांदीची फाइल वाचतात. इथे ती सेशन-३१.स्कोपची, आणि तिच्यात 'मॅक्स' लिहिलेलं. मर्यादा आहे एक पायरी वर. तेव्हा हीपची मर्यादा ठरवणारं एक्सएमएक्स हाताने द्यायचं.

इंटरनेटवर तुम्हाला सीजीरूल्स.कॉन्फ आणि सीजीरेडच्या पाककृती भरपूर मिळतील. त्या व्ही१ च्या काळातल्या. सीग्रुपचं काम २००६ मध्ये गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी सुरू केलं, ते २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ कर्नलमध्ये आलं आणि पुढच्याच २.६.२५ मध्ये आयबीएमच्या बलबीर सिंग यांचा मेमरी कंट्रोलर. तेजुन हिओ यांनी पुन्हा मांडलेलं व्ही२ २०१६ मध्ये ४.५ कर्नलपासून अधिकृत झालं. उबुंटू २२.०४ वर तेच आहे: स्टॅट -एफसी %टी /सिस/एफएस/सीग्रुप केलंत तर सीग्रुप२एफएस येईल. सीजीरेड प्रोसेस सुरू झाल्यावर तिला उचलून योग्य गटात टाकायचा, म्हणजे वरातीमागून घोडं. ज्या झाडावर सिस्टिमडी मालक म्हणून बसलंय तिथे दुसरा माळी नेमू नका. आणि कुणी युलिमिट -व्ही सुचवलं तर तो आकडा प्रत्येक प्रोसेसला वेगळा लागतो, युजरच्या बेरजेला नाही. शिवाय तो पत्त्यांच्या जागेवर लागतो, त्यामुळे जावासारखे भरमसाट पत्ते राखून ठेवणारे प्रोग्राम मेमरी वापरायच्या आधीच मरतात. युलिमिट -एम तर लिनक्सवर कित्येक वर्षं नुसतं नावाला आहे.

सगळं लावून झालं की चाचणी अशी घ्या. एक टेस्ट युजर करा आणि त्याच्या नावाने चालवा:

हेड -सी १२जी /डेव्ह/झीरो | टेल > /डेव्ह/नल

शून्यांत नवी ओळ कधी येत नाही, त्यामुळे टेल अख्खे १२ जीबी एकच ओळ समजून पोटात धरून ठेवतो. मर्यादा लागली असेल तर रॅमचे ८ आणि स्वॅपचा १ भरल्यावर मरेल. लागली नसेल तर १२ वर थांबून मुकाट्याने संपेल, सर्व्हरला धोका नाही. हे एसएसएचमधून एकदा, क्रॉनमधून एकदा, ॲट (ठरलेल्या वेळी एकदाच जॉब चालवणारं) असेल तर त्यातून एकदा आणि ज्युपिटरच्या टर्मिनलमधून एकदा. रूटवरून एसयू करून नको, ते का ते वर आलंच आहे. चालू असताना दुसऱ्या खिडकीत त्या टेलचा /प्रॉकमधला सीग्रुप बघत राहा. ज्या वाटेने टेल शेवटपर्यंत जगला त्या वाटेची ओळ मला पाठवा, पुढचं तिथून बघू.